हिल्काची एकतीस नंबरची नळी

“एक नळी बदलली गेलीय,” प्रयोगशाळेतले आकडे तपासणारा यूसो दारातच उभा राहून म्हणाला. “एकतीस नंबरची. हिल्का, तुमची.”

हिल्का रक्त काढताना दंडाला बांधायचा रबरी पट्टा गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली. खिडकीबाहेर एप्रिलमधलं तळं झोपल्यासारखं पडलं होतं. बर्फ राखाडी झालं होतं, त्यावर आता कुणी चालत नव्हतं.

“बदलली कशावरून?” तिने विचारलं.

“आकड्यांवरून. त्या रक्तातल्या खुणा सांगतात की माणसाच्या आतड्यांभोवती, यकृताभोवती चरबीची रजई आहे. साठ जणांत सगळ्यांत जाड. आणि तुम्ही तर...” त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

हिल्का म्हणजे काडी. एकसष्ट वर्षांची, पण तिच्या पांढऱ्या कोटात आणखी एक हिल्का मावली असती. हिवाळाभर तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकात ती डुबकी मारायची आणि आम्हा जाड बायकांकडे कीव केल्यासारखं बघायची. वजनकाट्याला न दिसणारी, पोटाच्या आत दडलेली चरबी नुसत्या रक्तावरून ओळखता येते का, याचा आमच्या प्रयोगशाळेत अभ्यास चालला होता. पोटवाली माणसं बाहेरून बोलावली. तुलनेसाठी धडधाकट म्हणून घरचीच, प्रयोगशाळेतली धरली, आणि धडधाकट म्हटल्यावर पहिलं नाव हिल्काचंच निघालं.

बत्तीस नंबर सुतार पेंट्टीचा. त्याचं पोट त्याच्याआधी खोलीत शिरायचं. पण त्याचं रक्त तळ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ निघालं, तसं पत्रही त्याला गेलं. त्याने फोन करून सांगितलं होतं, “पत्र बायकोच्या आरशाला चिकटवलंय. सॉसेज पुन्हा सुरू.” नळ्या अदलाबदल झाल्या असतील तर ते पत्र खोटं होतं, आणि पेंट्टी आपलं मरण आरशाला चिकटवून सॉसेज खात बसला होता.

त्या दोन्ही नळ्या मी भरल्या होत्या.

आमच्याकडे एक नियम आहे. सुई लावायच्या आधी समोरच्याकडून नाव आणि जन्मतारीख तोंडाने वदवून घ्यायची. सख्खी बहीण असली तरी. हिल्का तर स्वतःच्या नवऱ्यालाही विचारायची, आणि ओस्सी दरवेळी चिडून मोठ्याने सांगायचा. पण त्या सकाळी हिल्का माझ्यापुढे बसली तेव्हा मी विचारलं नाही. हिल्काला कोण नाव विचारणार? मी शेजाऱ्याच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पेटलेल्या धुराड्याची गोष्ट सांगत होते, ती हसत होती, आणि ताटलीत नळ्यांवर लावायच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. कुठली कुठे लावली, मला शपथेवर सांगता येईना.

संध्याकाळी मी आणि हिल्का तळ्याकाठाने चाललो होतो. आमच्याकडे त्या दिवसांत संध्याकाळ संपता संपत नाही. बर्फाच्या पोटातून मधूनच लांबलचक हुंकार यायचा आणि आम्ही दोघी कुणाच्या तरी स्वप्नातून चालतोय असं वाटायचं. मी सगळं ओकून टाकलं. ती रागावेल म्हणून वाट बघत होते.

“तू विचारलं नाहीस, ते मलाही कळलं होतं,” ती म्हणाली. “मी तरी कुठे अडवलं? धुराड्याची गोष्ट ऐकायची होती ना.”

“उद्या तुझं रक्त पुन्हा घेऊ. यूसोलाही तेच हवंय.”

“घेऊ. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही नळी दुसऱ्याच्या नावाने गेलेली नाही, ताइना. शुक्रवारी मी निवृत्त होतेय.” ती थोडं चालली. “माझीच असू दे.”

“काय तुझी असू दे?”

“चरबी.”

“डोकं ठिकाणावर आहे का? तुझा भाऊ गेला तो असाच, काडीसारखा. बावन्नाव्या वर्षी, लाकडं फोडताना.”

“माहितेय. त्याला मीच आंघोळ घातली.” पुढचं ती बर्फाकडे बघत बोलली. “मला माझं कळलं तर मी काहीतरी करीन. पेंट्टी पत्र वाचून गाढ झोपतो.”

 बर्फ पुन्हा हुंकारलं.

दुसऱ्या दिवशी ती उपाशीपोटी खुर्चीत बसली, बाही वर केली. यूसो साक्षीला उभा होता.

“नाव?” मी विचारलं. 

“हिल्का मारियाना तोइवानेन.” जन्मतारीखही तिने सावकाश, एकेक अंक वेगळा करून सांगितली. मी चिठ्ठी तिच्यासमोर लावली. तिने ती वाचली आणि मान हलवली.

यंत्र दोन वाजेपर्यंत घुमत राहिलं. त्या घुमण्यात मला कधी झापड येत होती, कधी पेंट्टीचं हसणं ऐकू येत होतं. मग यूसो कागद घेऊन आला. ताडमाड उंच पोरगा, पण त्याची नजर जमिनीवरून वर येत नव्हती.

“कालचाच आकडा,” तो म्हणाला. “थोडा जास्तच. मला वाईट वाटतं, हिल्का. मी तुम्हाला उगाच चुकीचं ठरवत होतो.”

“म्हणजे नळ्या बरोबर होत्या,” हिल्का म्हणाली. तिने कागद हातात घेतला आणि मला म्हणाली, “पुस तोंड. तुझं चुकलेलं नाही.” मला रडू आवरेना आणि तिचा चेहरा मात्र कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखा सैल झाला होता. मग तिने धडधाकट माणसांच्या यादीतून आपलं नाव स्वतःच खोडलं. पट्टी लावून, सरळ रेघेने.

पाच वाजता ओस्सी गाडी घेऊन आला. पोटामुळे त्याला जॅकेटची खालची दोन बटणं कधीच लागत नाहीत.

“ओस्सी,” ती पायरीवरूनच म्हणाली, “तीस वर्षं तुझ्या पावावरचं लोणी मी खरवडून काढत आले. चरबी माझ्यात निघाली. आत आहे. भावाला होती तशीच असणार.”

ओस्सीने टोपी काढली, परत घातली. “मग उद्यापासून खरवडायचं काम माझ्याकडे,” तो म्हणाला. तो हसला नाही.

त्याने तिच्या पिशवीला हात घातला. ती पिशवी हिल्काने कधी कुणाला उचलू दिली नव्हती, बर्फावर पडून मनगट मोडलं होतं त्या वर्षीही नाही. क्षणभर दोघांचेही हात पट्ट्यावर होते. मग तिने आपला काढून घेतला आणि ती रिकाम्या हातांनी गाडीपर्यंत चालत गेली.