हिरव्या पाण्याखालचा कागद

मी एक जुना कागद आहे. वहीचा नव्हे, मित्रांनो. शेळगावात सावळारामरावांच्या शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून अंथरलेला काळा, जाड प्लास्टिकचा कागद. सात वर्षं उन्हात तापून काठावर चिरलो, बकऱ्यांच्या खुरांनी भोकं पडली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे आणि ती मी गोड बोलून सांगणार नाही.

माझं कूळ फार जुनं. प्लास्टिक होतं खनिज तेलापासून आणि तेल झालं समुद्रातल्या बारीक जिवांपासून. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखी धुमसले, समुद्र तापला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात खतासारखी द्रव्यं मिसळली, शेवाळ माजलं, मेलं, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही त्यानं संपवला. कितीतरी जातींचे जीव कायमचे गेले. त्याच गाळात माझे पूर्वज गाडले गेले. तेव्हा दोष द्यायला माणूसच नव्हता.

परवा मात्र होता. सावळारामरावांच्या पत्नी छबूबाई यांनी माझ्यावरच्या पाण्यात रोहू-कटला मासे सोडले होते. नऊ महिने रोज स्वतःच्या हातानं पेंड घालून वाढवले. पाणी थोडं हिरवट असलं की मासा पोसतो, हे खरं. पण सावळारामराव पडले ऊसवाले. खताचा डोस दिला की ऊस तरारतो, मग तळ्यालाही देऊ, असा त्यांचा विचार. आधी शेणाची स्लरी ओतली, मग युरिया, मग आणखी अर्धं पोतं. शेवाळ माजून पाणी हिरव्या रंगाच्या डब्यासारखं दाट झालं. तळाशी मी सगळं सोसत होतो, पण कागदाला कोण विचारतो?

दोन दिवस आभाळ भरलेलं होतं; ऊन नसलं की शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट पाण्यातला असलेला ओढून घेतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

"अगं, बघ, मासं कसं खेळत्यात. भुकेजल्यात वाटतं," म्हणत सावळारामरावांनी घमेलंभर पेंड फेकली. एकाही माशानं तिला तोंड लावलं नाही.

छबूबाई धावत आल्या. "अवो, खेळत न्हाईत, जीव घुसमटलाय त्येंचा. कऱ्हाटीला माझ्या भावाच्या तळ्यात असंच झालं हुतं. मोटार लावा."

"कशाला? तळं भरलेलंच हाय की."

"पाणी हाय, पर त्यात हवा न्हाय."

त्यांनी स्वतःच मोटार लावली, पाइप उंच धरला आणि तळ्यातलंच पाणी तळ्यात आपटू लागल्या. जिथं धार पडे तिथं मासे गर्दी करत. दुपारपर्यंत निम्मे वाचले, निम्मे पोट वर करून तरंगले.

"कुणीतरी इख टाकलं आसंल," सावळारामराव म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

छबूबाईंनी युरियाचं उरलेलं पोतं ओढत आणून त्यांच्या पुढ्यात टाकलं. "ह्ये बघा इख. तुमच्याच हातानं पडलंय."

मित्रांनो, शेतातलं जास्तीचं खत पावसाबरोबर नीरा नदीत जातं, नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी समुद्रात. समुद्र पुन्हा तापतो आहे, त्यातला प्राणवायू पुन्हा घटतो आहे. तिथं कुणाची मोटार पुरणार? आणि तुम्ही तर शिकलेले आहात, माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्हाला नाही.

आता पोतं छबूबाईंच्या ताब्यात असतं. सावळारामराव मागतात, त्या देत नाहीत. तुमच्या घरच्या सावळारामरावांना तुम्हीही देऊ नका.