सत्तावीस नंबरचा आलेख

"वर्ना, मान ताठ ठेवा, नाहीतर मलम कानात जाईल," डार्सी म्हणाला.

"जाऊ दे. टोपी वाकडी बसवलीस तर बघ."

बाहेरच्या थंडीमुळे आज प्रयोगासाठी ठरलेला माणूस आला नव्हता. अशा वेळी तारांखाली डोक्याला लावायचं, कालवून ठेवलेलं मलम वाया घालवायचं नाही, आपल्यातल्याच कुणीतरी तारांची टोपी घालून बसायचं, ही कॅनडातल्या सासकाटूनच्या त्या प्रयोगशाळेची रीत. वाचताना मेंदूत काय घडतं ते तिथे मोजत. वर्ना फ्रीझनचं आयुष्य त्यातच गेलं होतं. प्राध्यापकी काही मिळाली नाही, पण विद्यार्थी मात्र पोटच्या पोरांसारखे वाढवले. डार्सी वोरोनिक त्यातलाच.

पडद्यावर एकेक शब्द येऊ लागला. 'आजोबांनी सूपमध्ये मीठ आणि किल्ली घातली.' वर्नाला हसू आलं. असा विसंगत शब्द आला की मेंदू दचकतो आणि आलेखात उंचवटा उठतो. माणसाला कळायच्याही आधी.

सगळ्यांचं मोजून होईपर्यंत निकाल बघायचा नाही, हा तिचाच कडक नियम. पण दुपारी डार्सी जेवायला गेला आणि तिने स्वतःचा आलेख उघडला. सत्तावीस नंबर. सरळ शब्द आणि विसंगत शब्द, दोन्ही रेषा हातात हात घालून चालल्या होत्या. उंचवटा नव्हताच. मागे कधीतरी काढलेला तिचाच आलेख नव्या पोरांना शिकवायला भिंतीवर लावलेला होता. त्यातला उंचवटा कसा उंटाच्या पाठीसारखा.

तिला आई आठवली. विस्मरणाच्या आजारात शेवटी शेवटी तिला काहीही सांगितलं तरी ती मान डोलवायची. "आई, आज गाय चर्चला गेली होती." "बरं."

एकाच्या आलेखावरून काही सिद्ध होत नाही, हे तिने कितीतरी पोरांना शिकवलं होतं. आज ते तिला स्वतःला पटेना.

एक आशा होती. प्रत्येक शब्द पडद्यावर येतो त्या क्षणी संगणक खूण करतो. त्या खुणा सरकल्या असतील तर कुणाच्याच आलेखात काही दिसणार नाही. पण तो प्रोग्राम डार्सीचा. तो चुकला असेल तर सव्वीस माणसांचं मोजलेलं सगळं पाण्यात. प्रबंध गेला, व्हिक्टोरियातली ठरलेली नोकरीही गेली.

तो आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या खुणा एकदा तपासून घे. माझ्या आलेखात काहीच नाही."

डार्सीचा चेहरा पडला. "म्हणजे माझाच घोळ?"

"घोडं कुठे पेंड खातंय ते बघ आधी."

शब्द नेमका कधी उमटतो ते बघायला पडद्याला प्रकाश मोजणारं यंत्र लावून तो बसला. वर्ना पलीकडच्या खोलीत नुसती येरझाऱ्या घालत राहिली. चूक त्याची निघू दे, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तरी ते मनातून जाईना.

दार उघडलं. डार्सीच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

"चोख आहेत. एकही खूण हललेली नाही. माझा तर जीवच गेला होता हो."

"छान झालं," ती म्हणाली. त्याच्यासाठी तिला खरंच बरं वाटलं. आणि तिची ती एक आशाही गेली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"मग तुमचं काय झालं?" तो हसायला लागला. "झोपलात ना? खरं सांगा."

वर्नाने त्याच्याकडे पाहिलं. तिने पडद्यावरचा एकही शब्द चुकवला नव्हता.

"लागला असेल डोळा."

"म्हणजे सत्तावीस नंबर काढून टाकू? कारण लिहावं लागेल."

"झोप लागली, असं लिही."

"वर्ना फ्रीझन चालू प्रयोगात झोपल्या! दारावर पाटीच लावतो."

"लाव," ती म्हणाली आणि टोपी धुवायला बेसिनकडे गेली.