फादर फोल्कमार एकटेच राहिले

बिशपचे पाद्री बिनकराची बिअर विकत. नगरसभेने ते दुकान बंद पाडलं आणि बिशपने सबंध शहरावर बहिष्कार टाकला. चर्चमधली मिस्सा-प्रार्थना बंद, घंटा बंद, मेलेल्याला पवित्र माती नाही. भांडण बिअरचं आणि शिक्षा मुडद्यांना, असला हा न्याय.

नगरसभेनेही फर्मान काढलं: पाद्र्यांनो, मिस्सा म्हणा, नाहीतर चालते व्हा. सगळे गाठोडी बांधून गेले. फादर फोल्कमारही निघाले होते, पण महापौर गेरलाख त्यांच्या दारात येऊन बसला. त्याची आई तीन दिवस घरात मरून पडली होती.

"तिला माती द्या, फादर. बिशपने तुम्हाला हात लावायचा तर आधी माझी मान कापावी लागेल."

"लेखी द्याल?"

"आईची शपथ घेतोय. आणखी काय हवं?"

फोल्कमारांनी म्हातारीला विधिवत पुरलं. बिशपच्या माणसांनी उकरू नये म्हणून वर खूणही ठेवली नाही; तिला कुणी उकरणार नाही, असा गेरलाखला शब्द दिला. गेरलाख स्वतः दफनाला आला नाही. बिशपचे लोक बघतील, म्हणाला.

त्यानंतर दोन वर्षं शहरातले सगळे बाप्तिस्मे, सगळी दफनं एकट्या फोल्कमारांनी केली. बिशपच्या कोठडीची त्यांना भीती वाटायची, पण शब्द महापौराचा होता.

मग एका सकाळी घंटा वाजल्या. तह झाला! फोल्कमार रडतच चौकात धावले. कारकून कलमं वाचत होता. बिअरवर निम्मा कर. बहिष्कार मागे. शेवटचं कलम: बंदी मोडून मिस्सा म्हणणारा पाद्री बिशपच्या स्वाधीन.

असा पाद्री शहरात एकच होता. ज्या कोळिणीच्या जुळ्यांना त्यांनी बाप्तिस्मा दिला होता, ती दोन पावलं मागे सरली. गरज सरो, वैद्य मरो.

गेरलाख दोन शिपाई घेऊन आला.

"इलाज नव्हता, फादर. तह तुमच्यापाशीच अडला होता."

"केसानं गळा कापलात, महापौर."

गेरलाखने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "एक विचारायचं होतं. बंदीतले तुमचे विधी ग्राह्य धरत नाहीत म्हणे. बिशपचे पाद्री आईला पुन्हा माती देणार आहेत. तिची जागा कुठली?"

फोल्कमारांना कोठडीपेक्षा हे जास्त लागलं.

"नाही सांगणार," ते म्हणाले. "तिला कुणी उकरणार नाही, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. माझा शब्द आहे तो."

आणि त्यांनी शिपायांपुढे हात केले.