अर्ध्या मिलिमीटरची फट

सपाटी बघायला पोलादी पट्टी आडवी लावली, मागे टॉर्च धरला आणि धाकट्याने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. पट्टीखालून उजेड दिसत होता. तोही कडेला नाही, बरोबर मधोमध.

कडेला दिसला असता तर त्याने निमूटपणे मान खाली घातली असती. कुठल्याही वेल्डरला विचारा, जाड लोखंडी फ्लँजच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या चपट्या पाटीच्या, पाठीवर नळ्या वेल्ड केल्या की तापून निवताना तिची टोकं पाठीकडे ओढली जातात. पोट टेकतं, टोकं उचलतात. हा लोखंडाचा स्वभाव, त्याला औषध नाही. इथे मात्र टोकं टेकलेली आणि पोट आत गेलेलं. बावीस वर्षांत लोखंड त्याच्याशी असं उलटं वागलं नव्हतं.

काम होतं मामांचं. मामांची जुनी गाडी नऊ वर्षं चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात टर्बोचं खूळ शिरलं. इंजिनातून सुटणाऱ्या गरम धुराने पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, एवढंच टर्बोचं गणित. पण त्या गाडीला बसेल असा तयार संच कुठेच मिळत नव्हता. म्हणजे सगळं घरी बनवणं आलं, आणि त्यात सगळ्यात अवघड होता मॅनिफोल्ड. इंजिनाच्या चार भोकांतून निघणाऱ्या चार नळ्या वळवत वळवत टर्बोपर्यंत न्यायच्या. त्या नळ्या ज्या फ्लँजला वेल्ड करायच्या, ती इंजिनावर काटेकोर बसली नाही तर गरम धूर फटीतून फुसफुसणार आणि टर्बोचा पंखा ढिम्म राहणार.

वर्कशॉप बहीण-भावाचं. यंत्रावरचं काम ताईचं, वेल्डिंग धाकट्याचं. वडिलांनी घालून दिलेला एकच नियम दोघं पाळत आले होते: एकाने पुढे दिलेलं काम दुसऱ्याने मोजायचं नाही. मोजलं म्हणजे अविश्वास दाखवला. त्यामुळे ताईने हातात दिलेली फ्लँज धाकट्याने आजवर तपासली नव्हती, आणि ती कधी चुकलीही नव्हती.

मग चुकतंय कोण? मीच, असं धाकट्याने ठरवून टाकलं. गेल्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून वेल्डची रेघ त्याला कधी एक दिसे, कधी दीड. हात मंदावला होता. वर्षभर कामं चांगली उतरली खरी, तरी मनातला किडा जात नव्हता. पलीकडच्या पाइपच्या गोदामात भांडारपालाची जागा रिकामी होती आणि शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्याने मनाशी पक्कं केलं होतं: मामांचा मॅनिफोल्ड बसला तर ठीक, नाहीतर वेल्डिंगचा टॉर्च कायमचा खाली ठेवायचा आणि गोदामात नळ्या मोजत बसायचं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आज शुक्रवार होता.

म्हणून तर या कामाला त्याने जास्तीची काळजी घेतली होती. एरवी तो फ्लँज मोकळी ठेवूनच वेल्ड करी. या वेळी ती जाडजूड पोलादी ठोकळ्यावर बोल्टने आवळली, बोटभर वेल्ड केलं, निवू दिलं, मग दुसऱ्या टोकाला बोटभर. एक अख्खा दिवस गेला. पहिला मॅनिफोल्ड पोटात गेला. त्याला वाटलं, ठोकळाच वाकडा असेल. ठोकळा तपासला, तो आरशासारखा सपाट. ताईकडून कारण न सांगता दुसरी फ्लँज घेतली आणि दुसरा केला. तोही पोटात.

"काय भाचेबुवा," दारातून मामा म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं?"

"मामा, तुम्ही जरा घरी जाऊन पडा बघू."

"नऊ वर्षं पडूनच होतो रे, मी आणि गाडी!" मामा हसत हसत निघून गेले. धाकट्याला हसू आलं नाही.

फट नेमकी किती ते तरी मोजावं म्हणून त्याने फिलर गेज, फटीत सरकवायच्या पातळ पात्यांचा जुडगा, शोधला. त्याच्या गेजची पाती तुटली होती. ताई बोल्ट आणायला गेली होती, तेव्हा त्याने तिचं कपाट उघडलं. ते तो सहसा उघडत नसे. दाराच्या आतल्या बाजूला तिच्या गोल अक्षरात खडूने यादी लिहिलेली होती. पितळ, बीड, ॲल्युमिनियम, स्टेनलेस, आणि प्रत्येकापुढे कटरचा वेग किती ठेवायचा ते. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'धाकटा – पोटात अर्धा.'

त्याने ती तीनदा वाचली. आपण कधीपासून धातूंच्या यादीत गेलो, हे त्याला कळेना. मग त्याने गेजचं अर्ध्या मिलिमीटरचं पातं काढलं आणि दुसऱ्या मॅनिफोल्डच्या फटीत सरकवलं. ते चपखल बसलं. तो स्टुलावर खाली बसला.

ताई आली तेव्हा कपाट उघडंच होतं. तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि बोल्टची पिशवी हळूच खाली ठेवली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"ऑपरेशननंतर. तुझी पहिलीच फ्लँज टोकांना अर्धा उचलली होती. तू उन्हात चहा पीत बसला होतास, खुशीत होतास. मी गुपचूप घासून सपाट केली. पुढच्या वेळी म्हटलं, आधीच पोटात अर्धा कमी ठेवावा. तुझ्या वेल्डने ती ओढली की आपोआप सरळ."

"म्हणजे वर्षभराची सगळी कामं..."

"तूच केलीस."

"मी केली? तू वाकडं द्यायचीस, मी वाकडं करायचो, आणि लोक म्हणायचे वा!" त्याचा आवाज चढला. लाज वाटत होती, रागही येत होता, आणि तो राग कुणावरचा ते त्याला कळत नव्हतं. "सांगितलं असतंस तर मी मेलो असतो का?"

"सांगितलं असतं तर तू वेल्डिंगचा टॉर्च खाली ठेवला असतास," ताई म्हणाली. "मग मी एकटीने इथे काय करायचं होतं?" तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ती बोल्ट मोजायला लागली.

मग धाकट्याच्या डोक्यात हळूहळू एकेक खीळ निघायला लागली. पोट अर्धा मिलिमीटर आत होतं. म्हणजे ताईने दिलं तसंच ते राहिलं होतं. म्हणजे या वेळी, ठोकळ्यावर आवळून थांबत थांबत केल्यावर, त्याच्या वेल्डने काहीच ओढलं नव्हतं. एकदा नाही, दोनदा.

"मला सरळ फ्लँज दे," तो म्हणाला.

तिने यंत्र सुरू केलं. तासाभराने तिने तिसरी फ्लँज त्याच्या हातात दिली. त्याने पट्टी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईचं काम तिच्यादेखत मोजलं. ती रागावली नाही. तिने मागून टॉर्च धरला.

ठोकळा, बोल्ट, बोटभर वेल्ड, थांबणं. रेघ मधेच दीड दिसली की तो थांबे, डोळा पुसे आणि पुन्हा सुरू करी. उन्हं कलली तेव्हा त्याने बोल्ट सोडले आणि पट्टी लावली. मधे अंधार होता. अगदी टोकांना तेवढी केसभर उजेडाची रेघ होती.

"एक दशांश," ताई गेज काढून म्हणाली. "एवढं मधलं गॅस्केटचं पॅकिंग खाऊन टाकेल. बसला मामांचा टर्बो." ती ओल्या फडक्याने कपाटावरची शेवटची ओळ पुसायला गेली.

"सगळं नको पुसूस. 'अर्धा' पूस आणि 'एक दशांश' लिही," धाकटा म्हणाला. "आहे ते आहे. पण यापुढे मला सांगून."

ताईने तसं लिहिलं. मग पदराने नाक पुसत हसली.

"आता गोदामवाल्याला फोन करतो," तो हातमोजे काढत म्हणाला. "सांगतो, येत नाही म्हणून."

खडू ताईच्या हातातच राहिला.

"कुठला गोदामवाला?" तिने विचारलं.