केकवरची कण्हेर

मी कण्हेर बोलतेय. बोलतेय म्हणजे आतल्या आत. माणसांना ऐकू जाईल असा आवाज मला असता, तर हे सांगायची वेळच आली नसती.

माझं माहेर भडगावचं, गिरणाकाठचं. सुगंधाबाई मुलाच्या, हितेंद्रच्या घरी जळगावला मेहरूणमध्ये राहायला आल्या, तेव्हा माझी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. फाटकाशी खोचली. कुणी विचारलं की कौतुकानं सांगायच्या, पाणी कमी पडलं तरी जगते, बारा महिने फुलते आणि बकऱ्या तोंड लावत नाहीत. बकऱ्या का तोंड लावत नाहीत, हे मात्र त्यांनीही कधी विचारलं नाही. माणसांचं असंच असतं. सोय कळली की पुढचं विचारत नाहीत.

रोज सकाळी त्या माझी गुलाबी फुलं तोडून महादेवाला वाहायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी चाचपून फूल नेमकं काढायच्या, कळी तुटू द्यायच्या नाहीत. माझ्यावर एवढी माया दुसऱ्या कुणी केली नाही.

त्यांची सून मेघा घरी केक करून विकायची. तिच्या हातची क्रीमची फुलं सुगंधाबाईंना फार आवडत. आधी फूल खायच्या, मग केक.

पुढे केकवर खरी फुलं लावायची टूम निघाली. मेघाची लेक ऋतिका, तिचा वाढदिवस आला, तेव्हा मेघानंही बाजारातून गुलाब आणले. हुंगून पाहिले आणि तिचं तोंड वाकडं झालं. कापूस-केळीवाल्या घरातली पोर ती, फवारणीचा वास तिला लगेच कळतो. गुलाब तिनं फेकून दिले आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. सुगंधाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"हाई ते आपला घरनं फूल शे," त्या म्हणाल्या. "देवले चालस, ते माणूसले का नही चालाव?"

मेघाला पटलं. विष म्हणजे बाहेरून मारलेलं, एवढंच तिला माहीत. माझ्या अंगात ते जन्मापासून आहे, पानात, फुलात, चिकात. तिनं माझी फुलं मिठाच्या पाण्यात किती काळजीनं धुतली! मग ओले देठ तसेच केकमध्ये खोचले. धुऊन जाणारं ते नव्हतंच गं, मेघा.

केक कापला. ऋतिकाला कडेचा चॉकलेटचा तुकडा हवा होता, तिनं तो घेतला. मधला, फुलांनी भरलेला तुकडा मोठ्या मानानं आजीला दिला. सुगंधाबाईंना ताटलीत गुलाबी काहीतरी दिसलं. सुनेनं क्रीमचं फूल केलंय असं त्यांना वाटलं, आणि नेहमीसारखं त्यांनी आधी फूल खाल्लं. कडू लागलं असणार. मी कडूच आहे. पण नातीच्या वाढदिवशी सुनेला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ताटली पुसून संपवली. फाटकाशी मी नुसती हलत होते. वाऱ्यानं हलतेय असंच सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. त्यांचं काळीज आधीच दुबळं होतं. दवाखान्यातून त्या परत आल्या त्या पांढऱ्या चादरीत. त्यांच्या अंगावर घालायला कुणीतरी माझीच फुलं तोडायला आलं, तेव्हा मेघानं त्याचा हात धरला.

काय झालं ते डॉक्टरांनी हितेंद्रला आणि मेघाला सांगितलं होतं. पण गल्ली मेघाला जन्मभर नावं ठेवील, या भीतीनं त्यानं सगळ्यांना सांगितलं, की आईचं हृदय बंद पडलं. ते खोटंही नव्हतं.

दिवस झाल्यावर त्यानं कुऱ्हाड घेतली. मला राग आला नाही. मी तर म्हणत होते, मुळासकट काढ. फांद्या फाटकाबाहेर पडल्या, तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाई आल्या. एक फांदी उचलून त्यांनी विचारलं, "भाऊ, हाई लई जाऊ का? बकऱ्या खातस नही ना?"

हितेंद्रनं मान हलवली, "नही खातस." एवढंच. मेघा दारात उभी होती. तिचे ओठ हलले. हितेंद्रनं तिच्याकडे पाहिलं, आणि ती आत गेली.

फांदी म्हणजे मीच. आता मी पुष्पाबाईंच्या दारात आहे. मला रुजायचं नव्हतं, पण रुजले. कळ्या धरल्यात. मेघानं केक करायचं सोडलंय. पुष्पाबाईंची नात माझ्या सावलीत भातुकली मांडते. काल तिनं माझी पानं चिरून ताटलीत वाढली आणि बाहुलीला भरवली. आज ती स्वतःसाठी दुसरी ताटली वाढतेय.

मेघा, तू समोरच्या खिडकीत उभी आहेस. तुला दिसतंय सगळं. मला तोंड नाही गं. तुला आहे.