फ्रीजची साक्ष

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या त्या किनाऱ्यावर रॉरी मॅकेक्रन नावाची माणसं पायलीला पन्नास, त्यामुळे प्रत्येकाला गाव एक जास्तीचं नाव चिकटवतं. कोणी लाल रॉरी, कोणी पुलाजवळचा रॉरी. मोरागचे आजोबा घाईवाला रॉरी. हे नाव घराण्यात उतरतं, म्हणून शाळेतसुद्धा ती ‘घाईवाल्या रॉरीची मोराग’च होती. तिला त्याचं काही वाटत नसे. आजोबांना मात्र ते आतून जाळत असे. तिथे नाचासाठी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवणाऱ्याला एक वेळ चोर म्हटलेलं चालतं, पण ‘तुझ्या लयीवर पाय पडत नाही’ म्हटलं की संपलाच तो.

आणि हे सगळं झालं एका कॅसेटमुळे. तरुणपणी आजोबा एकदा घरच्या स्वयंपाकघरात रात्रभर वाजवत होते आणि आजीने ते टेप केलं. त्या टेपच्या नकला गावभर गेल्या, बॉस्टनलाही पोचल्या. तिथे नोकरीला गेलेली जेसी ॲन, गावातली सगळ्यात पट्टीची नाचणारी, ती ऐकून म्हणाली, “या घाईवर नाचायला चार पाय हवेत!” झालं, नाव बसलं. पुढच्याच वर्षी आजोबांचा हात बोटीच्या दोरात सापडला आणि फिडल सुटली ती सुटलीच. उरली फक्त ती कॅसेट. त्या रात्री हजर असलेल्यांनाही पुढे टेपच आठवायला लागली.

आता चर्चच्या हॉलमध्ये जुन्या सुरांची संध्याकाळ ठरली होती आणि प्रत्येक घरातून एकेक टेप येणार होती. मोरागने आजोबांचं अख्खं खोकं स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलं, कॅसेट प्लेअर लॅपटॉपला जोडला आणि कानाला हेडफोन लावून बसली.

“कोणाचीही लाव, ती लावू नकोस,” आजोबा दारातून म्हणाले.

तिने अर्थात तीच लावली. दोन सुरावटींच्या मधे जरा शांतता होती आणि त्या शांततेत काहीतरी गुणगुणत होतं. तेवढ्यात तिच्या पाठीमागे घरातला फ्रीज चालू झाला. मोरागने एका कानावरचा हेडफोन काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला.

“आजी! रेकॉर्डर कुठे ठेवला होतास गं?”

“फ्रीजवर. टेबलावर ठेवला असता तर कोणीतरी त्यालाही चहा पाजला असता.”

“टेपमधला फ्रीज आपल्या फ्रीजपेक्षा वरच्या सुरात गातोय! असं होऊच शकत नाही. वीज सगळीकडे एकाच तालात येते, म्हणजे सगळे फ्रीज एकाच सुरात घुमायला हवेत. बॅटऱ्या कुठल्या घातल्या होत्यास?”

आजी विचारात पडली. “तुझ्या बाबाच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या काढल्या होत्या. दिवसभर फिरवत होता मेला.”

“म्हणजे मरायला टेकलेल्या!” मोराग किंचाळलीच. दमलेल्या बॅटरीवर फीत रेंगाळत फिरली होती. नंतर धडधाकट यंत्रावर लावली की तीच फीत पळत सुटायची आणि सगळंच वर चढायचं, वेगही, सूरही. लोक म्हणायचे, रॉरीने शान मारायला फिडलच्या तारा ताणून ती वरच्या सुरात चढवून लावली होती. त्या रात्री ऐकायला आलेल्या, गावच्या चर्चमधल्या फादर गिलिसचा आवाज टेपमध्ये पोरासारखा येतो, तर म्हणायचे, फादरनी जरा जास्त घेतली होती!

तिने लॅपटॉपवर वेग उतरवत नेला. दोन्ही फ्रीजचे सूर जुळले तिथेच थांबली आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून हेडफोनची वायर उपटून टाकली. फादर गिलिस भरदार पुरुषी आवाजात हसले. मग फिडल सुरू झाली. आजोबांनी दाराची चौकट धरली.

“हा मी,” ते म्हणाले. मग लगेच चेहरा पाडून, “पण लोक म्हणतील, नातीने मायेपोटी हळू केलं.”

“म्हणू देत तर खरं!”

हॉलमध्ये तिने आधी जुनीच टेप लावली. पिकला हशा. आता गावी परतलेली जेसी ॲन पहिल्या रांगेतून ओरडली, “आग लागली का गं कुठे?” आजोबा दाराजवळच्या खुर्चीत टोपी मुठीत चुरगाळत बसले होते.

“आता एक मिनिट सगळे गप्प बसा,” मोराग माइकवर म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. “मागच्या खोलीतला फ्रीज ऐका.”

“पोरगी कामातून गेली,” कोणीतरी म्हणालं. पण अख्खा हॉल माना वळवून फ्रीज ऐकत बसला! मग तिने माइक फ्रीजजवळ नेऊन धरला, टेपमधली गुणगुण त्याच्या शेजारी लावली आणि आगगाडीची गोष्ट सांगितली. “फिडल चढवून लावता येते हो, पण फ्रीज कोण चढवून लावणार?”

तिने वेग उतरवला, दोन्ही गुणगुणी एक झाल्या आणि आजोबांची फिडल हॉलभर पसरली.

जेसी ॲन हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिची एक टाच हलली. मग दुसरी. मग आपली काठी शेजारणीच्या हातात देऊन ती उठली. कंबर ताठ, हात सरळ खाली, आणि पाय असे पडायला लागले की लाकडी जमीन बोलू लागली.

“रॉरी मॅकेक्रन!” ती नाचता नाचता ओरडली. “गाढवा, इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“बोललो की! तू बॉस्टनला होतीस!”

“हे तर उभ्या उभ्या झोपेतसुद्धा नाचेन मी!”

गावातल्या नाचांना साथ करणारी पियानोवाली धावत जाऊन पियानोवर बसली. इतकी वर्षं या टेपचा सूर तिच्या पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी अडकायचा. आज पहिलाच सूर चपखल बसला. खुर्च्या भिंतीकडे सरकल्या, जोड्या उभ्या राहिल्या. आजोबांची टोपी खाली पडली होती आणि त्यावरच त्यांचा पाय ठेका धरत होता.

“मोराग,” ते गर्दीच्या डोक्यांवरून ओरडले, “कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचंही नीट केलंयस ना? ती याहून भारी आहे!”