अर्धी जळालेली हिरवी चादर

मी ऑपरेशन थिएटरातली हिरवी चादर बोलतेय. बोलतेय कसली, कागदी पिशवीत कोंडल्यामुळे चडफडतेय. उद्या ग्राहक आयोगासमोर आमची तारीख आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. वाफेत उकळायचं, पेशंटवर पसरायचं, पुन्हा धुवायला जायचं. कुणी कधी माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी हसनाबादची वंदना गळ्यावरची गाठ काढायला आली होती. तिच्या गळ्याला स्पिरिट लावलं. ते वाळेपर्यंत थांबायचं असतं, पण डॉक्टरांना पुढच्या ऑपरेशनची घाई! ओल्यावरच मला अंथरलं. तिच्या नाकाशी ऑक्सिजन चालू होता. रक्त थांबवायचं विजेचं पेन टेकवलं आणि भडका उडाला. मी पेटले, माझ्याखाली ती पेटली. फार भ्याले मी.

आग विझवून गडबडीत तिला माझ्यासकटच ॲम्ब्युलन्समधून मोठ्या दवाखान्यात धाडलं. आमच्या दवाखान्यानं मात्र कागदावर लिहिलं, 'औषधाची रिॲक्शन'. वा रे रिॲक्शन!

तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं, मला घरी आणलं. वकील साधनाताई म्हणाल्या, "हे धुवू नका, टाकू नका. आयोगात भरपाई मागता येते, पोलिसांतही तक्रार देता येते. मग सरकारी डॉक्टरांची समिती तपासते. पण आपल्या हातात पुरावा पाहिजे."

वंदनाची सासू उषाबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. बाई मायाळू, पण रीत सोडणाऱ्या नव्हेत. आजाऱ्याचं कापड ओवाळून शिवेवर जाळलं की पीडा टळते, एवढंच त्यांना ठाऊक. अमावस्येला सकाळीच त्यांनी मला सुनेच्या दारावरून ओवाळलं आणि शिवेवर नेलं. काडी ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आग?

भाजल्यापासून उंबरा न ओलांडलेली वंदना तोंडावर पदरही न घेता भर गल्लीतून धावत आली.

"आत्या, काय करून राह्यल्या!"

"अगं, भाजल्यालं कापड घरात न्हाई ठिवत. पीडा ऱ्हाती."

"पीडा माझ्या तोंडावर हाय, आत्या. हे जाळलं तर मंग मी कशानं भाजले, कोण सांगंल?"

उषाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. काडी बोटापर्यंत आली, चटका बसला, तशी त्यांनी ती मातीत टाकली. मला सुनेच्या हातात देऊन त्या तिथंच रडत बसल्या.

उद्या दवाखान्याचे वकील रिॲक्शनचाच पाढा वाचतील. वाचू देत. साहेब, माझी एकच विनंती आहे. मला पूर्ण उघडा आणि वंदनाच्या अंगावर धरा. जिथं मी उरलेली नाही, तिथंच ती भाजलेली दिसेल.